तीन वर्षांचे रविवार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बुद्धिबळाच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. राजा खेळावर खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवे ते. खेळ शोधणाऱ्याने मागितले काय, तर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरून द्या. राजा हसला. पण कोठीवाल्याने हिशेब मांडला तेव्हा राजाचे हसू मावळले. दोनाचा ६४वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा, इतके ते दाणे. १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वीस अंकी संख्या.

या गोष्टीचे तात्पर्य आपण राजाच्या फजितीपाशी सोडून देतो. आज मला त्या बेरजेकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचे आहे. एका घरानंतर बेरीज एक, दोन घरांनंतर तीन, मग सात, पंधरा, एकतीस, त्रेसष्ट. यातल्या तीन, सात आणि एकतीस या मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि ती संख्या यांखेरीज कशानेही त्यांना भाग जात नाही. पंधरा आणि त्रेसष्ट मात्र फुटतात. आता घरे मोजा. दोन, तीन, पाच घरांनंतरची बेरीज मूळ निघाली. चार आणि सहा घरांनंतरची फुटली. नियम असा की, घरांची संख्याच जर फुटणारी असेल, तर बेरीजही फुटतेच. राजाची चौसष्ट घरांची बेरीज पाचावर संपते, तेव्हा ती फुटणार हे शाळकरी पोरही सांगेल.

मग उलट म्हणता येईल का? घरांची संख्या मूळ असेल तर बेरीजही मूळ? सात घरांना १२७ येतात, मूळ आहेत. पण अकरा घरांना येतात २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. झाले! इथून पुढे कोणती बेरीज अखंड राहील आणि कोणती फुटेल, हे नुसत्या बघण्याने सांगता येत नाही. प्रत्येकीची वेगळी तपासणी करावी लागते. या तपासणीत माणसे गेली जवळपास चारशे वर्षे गुंतलेली आहेत, आणि अलीकडची तीसेक वर्षे त्यात जगभरची साधी, हौशी माणसे आपले घरचे संगणक घेऊन उतरलेली आहेत. त्यांच्यातलाच एक मी.

या संख्यांना नाव मिळाले ते मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे. जन्म १५८८, मृत्यू १६४८. पॅरिसमधल्या मठातली त्यांची खोली म्हणजे त्या काळचे एक टपाल कार्यालयच होते म्हणा ना. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ अशा मंडळींशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. एकाचा प्रश्न दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याला. विज्ञानाची नियतकालिके निघण्याआधी हेच काम या एका माणसाने केले. १६४४ साली त्यांनी छापून टाकले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घातांकांना मूळ संख्या मिळतात. त्यांनी इतका मोठा हिशेब केलेला असणे शक्य नव्हते आणि त्यांच्या समकालीनांनाही ते कळत होते. पण खोटे ठरवणार कोण? यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ उगाच घुसले होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

यातल्या ६७ची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की दोनाचा ६७वा घात वजा एक ही संख्या मूळ नाही. पण ती कशाने फुटते ते मात्र त्याला सांगता आले नाही. ऐकायला हे विचित्र वाटेल. बंद डबा हलवून आत एकापेक्षा जास्त वस्तू आहेत हे आवाजावरून सांगावे, पण डबा उघडता येऊ नये, तसे हे आहे. डबा उघडला २७ वर्षांनी, १९०३च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या बैठकीत. फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. एका बाजूला दोनाचा ६७वा घात मांडला, एक वजा केला. उत्तर आले १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे एक आली. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे कोणी विचारले, हे शोधायला किती वेळ लागला? ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. गणिताचे चरित्रकार ई. टी. बेल यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. बेल गोष्ट रंगवून सांगत, असे जाणकार म्हणतात. पण ते दोन अवयव खरे आहेत, ते कुणीही गुणून बघावे.

आता हे अवयव शोधायचे कसे? वीस-एकवीस अंकी संख्येला दोन, तीन, पाच असे भाग देत बसायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. इथे दोन चाळण्या कामाला येतात. पहिली फर्माची. १६४०च्या सुमारास त्याने ओळखले की घातांक मूळ आणि विषम असेल, तर अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवूनच येतो. अकरा घरांचे उदाहरण घ्या. अकराची दुप्पट बावीस. तेव्हा अवयव २३, ४५, ६७, ८९ यांपैकीच असणार. दुसरी चाळणी अशी की, अवयवाला आठने भागले तर बाकी एक किंवा सात उरली पाहिजे. ४५ला बाकी पाच उरते, ६७ला तीन. दोन्ही बाद. उरले २३ आणि ८९, आणि तेच तर आपले अवयव!

उमेदवार मिळाला की तपासायचे. त्यासाठी ती प्रचंड संख्या लिहून काढायचीसुद्धा गरज नाही. २३ तासांचे एक घड्याळ मनात आणा. दोनापासून सुरू करून दुप्पट करत जा आणि २३ ओलांडले की २३ वजा करा. २, ४, ८, १६, मग ३२ ऐवजी ९, मग १८, १३, ३, ६, १२, आणि अकराव्या पायरीला १. एक वजा केला की शून्य. म्हणजे भाग गेला. अकरा पायऱ्यांत काम झाले. घातांक कोटीत असेल तेव्हा दुप्पट करण्याऐवजी वर्ग करत उड्या मारायच्या, म्हणजे पंचवीस-तीस पायऱ्या पुरतात. एकेक तपासणी अशी चुटकीसरशी होते. अडचण एवढीच की, असे उमेदवार अब्जावधी असतात.

अब्जावधी उमेदवार एका माणसाचे काम नाही, पण वाटून घेता येते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचे संगणकतज्ज्ञ जॉर्ज वोल्टमन यांनी जानेवारी १९९६ मध्ये नेमके हेच केले. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवरून फुकट वाटला. आपला संगणक बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. आपण पत्र टाइप करतो, तेव्हाही दोन अक्षरांच्या मध्ये तो वाट बघत असतो. तो रिकामा वेळ या हिशेबाला द्यायचा. पुढच्याच वर्षी स्कॉट कुरोव्स्की यांनी कामाची वाटणी करणारा मध्यवर्ती संगणक उभा केला. या उपक्रमाचे नाव ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च, थोडक्यात गिम्प्स. परग्रहावरचे संदेश शोधणारा सेटी अ‍ॅट होम १९९९ साली आला, प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा फोल्डिंग अ‍ॅट होम २००० साली. गिम्प्स त्यांच्याही आधीचा.

इथे कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी चाळण्या लावून लहान अवयव शोधायचे. मग जॉन पोलार्ड यांनी १९७४ साली दिलेली आणखी एक युक्ती वापरायची. तरीही काही सापडले नाही, तरच ती संख्या मूळ आहे का याची शेवटची परीक्षा घ्यायची. ही परीक्षा फार महाग असते. घातांक तीन कोटींचा असेल तर संख्या नव्वद लाख अंकी होते, आणि तेवढ्या मोठ्या संख्यांचे वर्ग ओळीने तीन कोटी वेळा करावे लागतात. म्हणून आधी अवयव मिळाला तर केवढी बचत! निम्म्याहून अधिक घातांक या पहिल्याच पायरीवर निकालात निघतात.

२००५ साली मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना संगणक घरी राहिला. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो होतो. कोल यांची गोष्ट वर्गात अनेकदा सांगितलेली. तेव्हा मी या कामात नाव घातले आणि काम मागून घेतले ते अवयव शोधण्याचे. दिवसातले काही तास भारनियमन असे. वीज गेली की यंत्र बंद पडे. पण तो प्रोग्राम दर अर्ध्या तासाने कुठवर आलो याची नोंद ठेवायचा आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू व्हायचा. एकेका घातांकाला दीड-दोन दिवस लागत. काम संपले की एक ओळ उमटे, "अवयव सापडला नाही". ती ओळ फोनच्या तारेवरून पाठवायची आणि पुढचा घातांक घ्यायचा.

आमच्या सौभाग्यवतींनी महिनाभर हे पाहिले आणि विचारले, "अहो, हे यंत्र रात्रंदिवस घरघर करतंय. सापडलं का काही?"

मी म्हटले, "नाही."

"मग पाठवता काय त्या लोकांना?"

"हेच. सापडलं नाही म्हणून."

त्यांनी विजेचे बिल माझ्यापुढे ठेवले आणि त्या आत गेल्या. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही.

गणित असे आहे की, दोनाचा ६६वा घात आणि ६७वा घात यांच्या दरम्यान अवयव सापडण्याची शक्यता साधारण सहासष्टात एक असते. म्हणजे साठ-सत्तर वेळा रिकाम्या हाताने परत यायचे तेव्हा कुठे एकदा काही मिळायचे. माझ्या एक्केचाळीस नोंदी पाठवून झाल्या होत्या. उन्हाळा कडक होता. एके दिवशी यंत्र आपोआप बंद पडले. उघडले तर आतला पंखा धुळीने जाम झालेला. या प्रोग्राममध्येच यंत्राची परीक्षा घेण्याची सोय आहे. ती लावली तर यंत्र हिशेबात चुकत होते. पंखा बदलला, मेमरीची एक पट्टी बदलली आणि चुका थांबल्या.

पण माझी झोप उडाली. यंत्र किती दिवसांपासून चुकत होते? मी पाठवलेल्या "सापडला नाही" या एक्केचाळीस ओळींतल्या किती खऱ्या? इथे एक गंमत लक्षात घ्या. अवयव सापडला असे कोणी म्हटले, तर मध्यवर्ती संगणक ते क्षणात पडताळतो. तिथे थाप चालतच नाही. पण सापडला नाही हे पडताळायचे तर सगळे काम पुन्हा करावे लागते. म्हणून त्या काळी ती नोंद पाठवणाऱ्याच्या भरवशावर स्वीकारली जाई. वोल्टमन आणि मंडळींनी व्यवस्था शहाणपणाने आखलेली होती. एखादा अवयव निसटला तरी पुढच्या परीक्षेत ती संख्या फुटणारी असल्याचे कळतेच, आणि ती परीक्षाही दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घेतली जाई. तेव्हा माझ्या चुकीने गणित बिघडणार नव्हते. फक्त जगात कुठेतरी कुणाच्या तरी यंत्राचे महिना-दोन महिने फुकट गेले असते, आणि ते कुणामुळे गेले हे त्याला कधीच कळले नसते.

मी शेवटच्या महिन्यातले सगळे घातांक पुन्हा तपासायला घेतले. तीन आठवडे गेले. एकातही अवयव निघाला नाही. पहिलीच उत्तरे बरोबर होती.

"मग पुन्हा केलंत कशाला?" घरून प्रश्न आलाच.

तीस वर्षे मी पोरांच्या वह्या तपासल्या. ज्याने उत्तर चुकवले पण पायऱ्या लिहिल्या त्याला मी गुण दिले, आणि ज्याने शेजाऱ्याचे बरोबर उत्तर उतरवले त्याला दिले नाहीत. आता माझी वही तपासणारे कोणीच नव्हते. एवढेच कारण.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका पहाटे वेगळी ओळ उमटलेली दिसली. एक वीस अंकी संख्या. अवयव सापडला होता. मी तो अंक कागदावर उतरवून घेतला आणि सौभाग्यवतींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाल्या, "वीसच अंक? एवढ्या बिलात?" पण चहा मात्र त्यांनी त्या दिवशी न सांगता केला.

आता आपण विचाराल, याचा उपयोग काय? बक्षिसे लागली, हे खरे. १९९९ साली अमेरिकेतल्या मिशिगनचे नयन हजरतवाला यांच्या घरच्या संगणकाला वीस लाखांहून अधिक अंकी मूळ संख्या सापडली आणि त्यांना पन्नास हजार डॉलर मिळाले. पण लाखांत एखाद्याच्या नशिबी असते ते. दुसरा उपयोग यंत्रे तपासण्याचा. असे कठोर हिशेब यंत्राचे दोष उघडे पाडतात. १९९४ साली थॉमस नाइसली हे प्राध्यापक मूळ संख्यांच्या जोड्यांचा हिशेब करत होते, तेव्हा त्यांना पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक सापडली आणि इंटेल कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. २०१६ साली इंटेलच्याच स्कायलेक चिपमधला एक दोष वोल्टमन यांच्या याच प्रोग्राममुळे उघड झाला. तिसरे असे की, मोठ्या संख्यांचे अवयव काढणे अवघड आहे या एका गोष्टीवर संगणकावरचे पुष्कळसे गुप्त व्यवहार विसंबून आहेत. तेव्हा ते किती अवघड आहे, हे कोणीतरी प्रामाणिकपणे मोजत राहिले पाहिजे.

आता काळ बदलला आहे. चाळणीचे काम चित्रांसाठी बनवलेल्या ग्राफिक्स चिप कितीतरी पट वेगाने करतात. २०२० पासून शेवटच्या परीक्षेसोबत एक दाखला जोडता येतो आणि सगळे काम पुन्हा न करता तो तपासता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोनाचा १३६२७९८४१वा घात वजा एक ही मूळ संख्या सापडली. अंक ४,१०,२४,३२०. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतल्या २४ केंद्रांमधली भाड्याची यंत्रे त्यासाठी जुंपली होती. घरचा जुना संगणक रात्रभर चालवण्याचे दिवस सरत आले आहेत, आणि विजेचा विचार करता ते बरेही असेल.

पण सगळी कुलुपे नुसत्या वेगाने उघडत नाहीत. दोनाचा १०६१वा घात वजा एक ही ३२० अंकी संख्या २०१२ साली फुटली, तीही जगभरच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर. मात्र १२७७वा घात वजा एक ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही हे केव्हाच सिद्ध झाले असूनही तिचा एकही अवयव आजतागायत कोणाला सापडलेला नाही. ल्युकाच्या डब्यासारखा तो डबा बंदच आहे. कितीतरी जणांनी त्यावर आपली यंत्रे झिजवली आणि "सापडला नाही" अशी नोंद ठेवली. त्या नोंदी वाया गेल्या असे मला वाटत नाही. पुढच्या माणसाने कुठे शोधू नये, हे त्या सांगतात.

कोल यांचा अवयव आजचा संगणक पोलार्डच्या युक्तीने क्षणात काढून दाखवतो. म्हणून त्यांचे तीन वर्षांचे रविवार फुकट गेले का? १९०३ साली ते उत्तर जगात कुणापाशीच नव्हते. त्या माणसाने ते आणून ठेवले, आणि आजही गुणून बघितले तर ते जसेच्या तसे बरोबर येते.

जाता जाता एक काम देतो. मास्तरांची सवय आहे, चालवून घ्या. फर्माला १६४० साली दोनाचा ३७वा घात वजा एक या संख्येचा एक अवयव सापडला, तो २२३. आज रविवार आहे. नातवंडाला शेजारी बसवा, २२३ तासांचे घड्याळ कल्पा आणि दोनापासून दुप्पट करत जा. २२३ ओलांडले की तेवढे वजा करायचे. संगणक नको, कागद-पेन्सिल पुरे. सदतिसाव्या पायरीला एक आला पाहिजे. नाही आला तर मध्ये कुठेतरी चूक झालेली आहे. ती शोधा, आणि सापडेपर्यंत आला असे म्हणू नका.

नमस्कार.